मुखदर्शनाची रांग

हे घडलं सन २०४७ मध्ये. पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळच्या पुढे तेव्हा नवलनगरी नावाचं मोठं क्रीडाउद्यान होतं. तिथे जाऊन आलेल्या माणसाला ‘रांग किती होती हो?’ असं विचारलं, तर तो गोंधळून बघत राहायचा. रांग होती हे त्याला ठाऊक असायचं, पण आठवायची नाही.

त्याआधीची नवलनगरी ज्यांनी पाहिली त्यांच्या स्मरणात रांगाच जास्त आहेत. फाटकावर डबे काढून घेत. आत प्रत्येक खेळापाशी उंचीची पट्टी असे, आणि नातवाचं डोकं पट्टीला लागत नाही असं दिसलं की आजी त्याच्या कानात टाचा उचलायला सांगे. ‘जरा माझा नंबर धरा हं’ म्हणून एक बाई पुढे उभी राहायची आणि तिच्यामागून अख्खं वऱ्हाड आत शिरायचं. मग भांडणं व्हायची. भांडता भांडता ओळखी निघायच्या, चिवड्याचा पुडा फुटायचा. संध्याकाळी पाय दुखायचे, आणि ते कशाने दुखतात हेही माहीत असायचं.

त्या वर्षीच्या जानेवारीत उद्यानामागच्या प्रयोगशाळेत डॉ. केतकी वर्टीकर आपलं यंत्र व्यवस्थापक समीरण दाभाडे यांना समजावून सांगत होती. केतकी मेंदूविज्ञानातली, पन्नाशीला आलेली, कमी बोलणारी. दाभाडे मूळचे यंत्र-अभियंता, त्यामुळे प्रश्न नेमके विचारत. टेबलावर मनगटात घालायचा एक राखाडी पट्टा होता. त्याचं नाव स्मृतिस्तंभक. पुढे लोक त्याला विसरपट्टा म्हणू लागले.

“म्हणजे हा रांगेची आठवण पुसतो,” दाभाडे म्हणाले.

“पुसत नाही. पुसायला आधी काही लिहिलेलं असावं लागतं. आठवण म्हणजे दही समजा. डोळ्यांतून, कानांतून दिवसभर येतं ते दूध. मेंदूतला एक लहानसा भाग त्याला विरजण लावतो आणि काही तासांत ते घट्ट होतं. हा पट्टा विरजण लागू देत नाही, एवढंच.”

“आणि माणूस? झोपतो तेवढा वेळ?”

“छे. बोलतो, हसतो, भांडतो. रांगेतलं रांगेत असेपर्यंत त्याला ठाऊकही असतं. आसनावर बसला की पट्टा बंद होतो, आणि त्याच्या लेखी तो फाटकातून थेट आसनावर आलेला असतो.”

दाभाड्यांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला. “उद्या कुणी म्हणालं, मला माझी रांग परत द्या, तर?”

“न विरजलेल्या दुधाचं दही कुठून आणणार?” केतकी म्हणाली.

नियम तिनेच ठरवले. पट्ट्याशिवाय कुणी रांगेत शिरायचं नाही. मोबाइल आधीच जमा करायचे, कारण आत काढलेला फोटो बाहेर आल्यावर माणसाला कोड्यात टाकेल. अपवाद एकच होता. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांना पट्टा चालत नसे, पट्ट्याच्या लहरींनी त्यांच्या ठोक्यांचा ताल बिघडे. त्यांना खेळातही बसता येत नसे. त्यांनी घरच्यांबरोबर रांगेतून फलाटापर्यंत जायचं आणि बाजूच्या लहान दारातून बाहेर पडायचं. गाभाऱ्यापर्यंत न जाता लांबूनच देव बघून बाहेर पडतात, तशी ही सोय होती. लोकांनी तिचं नाव आपोआप मुखदर्शनाची रांग ठेवलं.

या रांगेत नेहमी दिसणारे एक गृहस्थ म्हणजे मोरेश्वर वर्टीकर, केतकीचे वडील. सांगलीत गणपती मंडळांचे देखावे करण्यात त्यांचा जन्म गेला होता. नवलनगरी बांधली गेली तेव्हा महापाळण्याच्या रांगेचा देखावा त्यांना मिळाला. त्यांनी त्या लांब बोगद्यात एक जत्रा उभी केली होती. संध्याकाळची जत्रा, दिवे नुकते लागलेले, कोपऱ्यात फोटोवाल्याचं पुठ्ठ्याचं विमान. केतकी तेव्हा बंगळूरला संशोधन करत होती. तिला त्यांनी कधीच काही वर्णन करून सांगितलं नाही. देखावा आधी सांगायचा नसतो, ही त्यांची मंडळातली सवय. पडदा उघडेपर्यंत घरच्यांनाही कळता कामा नये. त्या वयातही ते ही शिस्त पाळत. केतकी परतली, नवलनगरीत रुजू झाली आणि पट्ट्याच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा ते एवढंच म्हणाले, सोमवारी उद्यान बंद असतं, तेव्हा एकदा पट्ट्याशिवाय ये.

“बघितलंय की बाबा,” ती म्हणाली. “चाचण्यांसाठी कितीदा गेलेय मी तिथून. निम्म्या वेळा तर तुम्हीच बरोबर होता.”

ते खरंच होतं. चाचण्यांच्या नोंदीत, पट्टा बांधून गेलेल्यांत, तिचं नाव होतं. आणि आपण जिथून गेलो ते आपण पाहिलं, यात तिला काही चूक वाटली नाही.

उन्हाळ्यापर्यंत पट्टा सर्व खेळांना लागला. बाहेर पडणारे लोक खूश होते. दिवसभर खेळच खेळ, मध्ये काही नाही. मग जे व्हायचं ते होत गेलं. रांगेची तक्रार येईनाशी झाली, म्हणून तिकिटं जास्त विकली गेली. तिकिटं जास्त, म्हणून रांगा लांबल्या, आणि त्यांची तक्रार तर येणारच नव्हती. पंखे बिघडले ते दुरुस्त झाले नाहीत. बाकं काढली, तिथे आणखी माणसं मावली. रांगेत लोक चिडायचे, बाहेर गेल्यावर यांना दाखवतोच म्हणायचे, आणि आसनावर बसले की हसायचे. घरी गेल्यावर मात्र त्यांना कारण न कळणारा थकवा यायचा. पोटऱ्या भरून यायच्या, घसा बसलेला असायचा. डॉक्टर जीवनसत्त्वं लिहून देत.

खरं काय ते फक्त मुखदर्शनवाल्यांना माहीत होतं. पण सत्तरीच्या, पेसमेकर बसवलेल्या माणसाने ‘अरे, दुपारभर उभे होतो आपण’ म्हटलं, तर मुलगा सुनेकडे बघायचा आणि दोघं विषय बदलायचे.

दिवाळीच्या आधी दाभाडे केतकीकडे आले. महापाळण्याच्या रांगेतला देखावा काढायचा होता. त्याची डागडुजी, दिवे, रंग यांचा व्याप मोठा होता, आणि तो काढला तर बोगद्यात दुप्पट माणसं उभी राहिली असती. त्यांना तिचं तांत्रिक मत लेखी हवं होतं.

“मॅडम, तो देखावा तुमच्या वडिलांचा आहे, ते मी विसरलेलो नाही,” ते म्हणाले. “पण तुम्हीच सांगा, देखावा असला काय, नसला काय, पाहुण्याच्या आठवणीत काही फरक पडेल?”

फरक पडणार नव्हता. तिच्याच शास्त्राने पडणार नव्हता. रात्री जेवताना तिने वडिलांना हे सांगितलं, सरळच सांगितलं. मोरेश्वरांनी भात कालवला, पण घास घेतला नाही. मग म्हणाले, “सही करण्याआधी एकदा माझ्याबरोबर आत चल.”

सोमवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून ते शुक्रवारी गेले. दाभाडे म्हणाले, तुम्ही पट्टा नाही घातलात तरी चालेल. पण नियम तिनेच केला होता, आणि वडिलांच्या कामासाठी तो मोडायचा हे तिला पटेना. तिने फाटकाशी पट्टा बांधला. मोरेश्वरांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि ते रांगेकडे वळले.

पट्ट्याची बारीक शीळ वाजली, आणि ती महापाळण्याच्या आसनावर होती. खाली सगळं शिरवळ दिसत होतं. तिच्या गालांवर पाणी होतं. वरच्या वाऱ्याने डोळ्यांना येतं ते असेल, असं तिला वाटलं. तळहात का कोण जाणे घामेजला होता, आणि घसा दुखत होता.

मोरेश्वर लहान दारापाशी भिंतीला टेकून उभे होते. ती जवळ येईपर्यंत ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

“मग?” त्यांनी विचारलं.

“काय मग?”

“काही नाही. चल, चहा घेऊ.”

तिने शनिवारी सही केली. पंधरवड्यात बोगदा रिकामा झाला. मोरेश्वर बघायला गेले नाहीत. अनंत चतुर्दशीनंतर सगळंच मोडतात, एवढं म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. त्यानंतर मात्र ते रात्रभर कूस बदलत राहायचे. दोन वर्षांनी ते गेले.

केतकीने पुढे नवलनगरी सोडली. बासष्टाव्या वर्षी तिच्या हृदयाचे ठोके चुकू लागले. वडिलांचंच दुखणं, वारशाने आलेलं. पेसमेकर बसला. ती बरी झाली म्हणून मुलगा निषाद तिला फिरायला घेऊन गेला, आणि त्याला लहानपणापासून महापाळणा आवडत असल्याने नवलनगरीलाच घेऊन गेला. फाटकावरच्या मुलीने निषादच्या मनगटाला पट्टा बांधला. केतकीचं कार्ड पाहून ती म्हणाली, “आजी, तुम्ही मुखदर्शन.”

आयुष्यात पहिल्यांदा केतकी ती रांग अशी बघत होती, की ती लक्षात राहणार होती.

पत्रे होते. दोन्ही बाजूंना पत्रे, मध्ये घामाचा वास आणि माणसं. कुणी खाली बसलं होतं, पुढची रांग हलली की बूड घासत पुढे सरकत होतं. बाळं रडत होती. एक गृहस्थ मोठ्याने म्हणत होते की बाहेर पडल्यावर ते वरपर्यंत तक्रार नेणार आहेत. निषादही वैतागला. “आई, हे दरवेळी असंच असतं का गं?” त्याने विचारलं. तिने मान हलवली. हे असंच असणार होतं. आपणच दही लागू दिलं नव्हतं.

शेवटच्या वळणावर घडीच्या स्टुलावर एक खूप म्हातारी बाई बसली होती. त्या कमलिनी टिपणीस, वाईच्या निवृत्त शिक्षिका. नातवंडं मोठी झाली तरी त्या पेसमेकरच्या कार्डावर दर आठवड्याला यायच्या. इथे लोक मनातलं बोलतात, त्या सगळ्यांना सांगायच्या, बाहेर कुणाच्या लक्षात राहणार नसतं ना. त्या केतकीकडे निरखून बघत राहिल्या.

“तू वर्टीकरांची मुलगी.”

केतकी हो म्हणाली. आपली ओळख कुठली, असं विचारलं.

“तुझी माझ्याशी नाही. माझी तुझ्याशी आहे. याच वळणावर तू दरवेळी रडायचीस.”

मग कमलिनीबाईंनी सांगितलं, आणि केतकी पत्र्याला हात टेकून ऐकत राहिली. पत्रा आहे तिथे एक कोनाडा होता. लहान मुलाच्या नजरेला येईल एवढा खाली, वरच्या कॅमेऱ्यांना न दिसणारा. त्यात सहा वर्षांची मातीची मुलगी उभी होती. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, डोळे रडून सुजलेले. बाप घडवलेला नव्हताच. भिंतीतून नुसतं एक बोट बाहेर आलेलं होतं, आणि मुलीने ते मुठीत धरलं होतं.

सहा वर्षांची असताना केतकी मिरजेच्या जत्रेत हरवली होती. एक चप्पल तिथेच राहिली होती. हे घरात पुन्हा कधी कुणी बोललं नव्हतं.

“तू थबकायचीस,” कमलिनीबाई म्हणाल्या. “मग वाकायचीस. मग ‘बाबा, ही मी?’ म्हणायचीस. दरवेळी अगदी तेच. आणि ते बोट धरून उभी राहायचीस. मागचे लोक ओरडायचे, मग तूही त्यांच्यावर ओरडायचीस.”

“शेवटच्या वेळी?”

“त्या वेळी फार रडलीस. हे मी मोडू देणार नाही म्हणालीस. बाहेर गेल्यावर मला आठवण करा बाबा, असं तीन-तीनदा बजावलंस. मी वर्टीकरांना म्हटलं, तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगते. त्यांनी मला हात जोडले.”

“पण का?”

“म्हणाले, बाहेर मी सांगितलं की तो देखावा राहत नाही हो, मुलीकडे केलेली मागणी होते. आणि म्हणाले, टिपणीसबाई, माझी मुलगी तो दरवेळी पहिल्यांदाच बघते. एवढं कोणत्या कारागिराच्या नशिबात असतं?”

रांग हलली. निषादने सगळं ऐकलं होतं, आणि त्याचे डोळे भरून आले होते. त्याने आईचे खांदे धरले. “हे मला बाहेर गेल्यावर सांग,” तो म्हणाला. “मी विसरेन. तू नक्की सांग.”

ती लहान दारातून बाहेर पडली आणि वडील टेकायचे त्या भिंतीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळाने निषाद हसत आला. केस विस्कटलेले, गाल ओले.

“काय वारा आहे गं वर,” गाल पुसत तो म्हणाला. “तू अशी का उभी आहेस? दमलीस?”

चहाचं दुकान समोरच होतं. केतकीला वडिलांचं तोंड आठवलं, ते ‘काही नाही’ म्हणाले होते तेव्हाचं. ती म्हणाली, “बस इथे. एक सांगायचंय. आत तू ऐकलंयस, पण पुन्हा सांगते.”

पुढे समीरण दाभाडे देशातल्या मोठमोठ्या रुग्णालयांना विसरपट्टे पुरवू लागले. म्हातारपणी ते स्वतःच, आपण थकतो कशाने हे कळत नाही, असं सांगत. कमलिनी टिपणीस त्याच वर्षी थंडीत वारल्या. त्यांनी मोरेश्वरांच्या जत्रेतलं आठवेल तेवढं केतकीला तोंडी सांगितलं होतं. फोटोवाल्याच्या विमानाचा रंग मात्र त्यांना शेवटपर्यंत आठवला नाही. निषादने महापाळण्यात बसणं सोडलं. रांग लक्षात राहत नाही तर पाळणाही नको, असं त्याचं म्हणणं. पट्ट्याविरुद्ध त्याने केलेला खटला चालूच राहिला, कारण त्याला साक्षीदार मिळाले ते सगळे पेसमेकरवाले होते, आणि ते एकेक करून जात राहिले.

केतकी वर्टीकर पंचाहत्तरीपर्यंत मुखदर्शनाच्या रांगेत जात असे. कमलिनीबाईंचं स्टूल तिच्याकडे आलं होतं. शेवटच्या वळणावर ती पत्र्याला पाठ टेकून बसायची आणि हात खाली सोडून एक बोट पुढे धरायची. उन्हाने, गर्दीने कावलेलं एखादं पोर जाता जाता ते बोट मुठीत धरायचं आणि रांग हलेपर्यंत सोडायचं नाही. पुढे आसनावर बसलं की ते विसरायचं. ती विसरत नसे.