भूत गेलं का?

एवढा मोठा हॉल जवळजवळ रिकामा असताना तो माणूस नेमका माझ्या रांगेत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “इथे बसलं तर चालेल का?”

“सगळा हॉल रिकामा आहे,” मी म्हटलं.

“म्हणूनच विचारतोय.”

बुधवारचा दुपारचा शो होता. मी जनावरांची डॉक्टर आहे आणि माझी सुट्टी बुधवारी असते. आठवडाभर कुत्री, मांजरं, एखादा चिडलेला पोपट आणि त्यांच्याहून चिडलेले त्यांचे मालक सांभाळल्यावर सुट्टीच्या दिवशी मला कोणाला समजवायचं नसतं की धरून ठेवायचं नसतं. म्हणून मी एकटीच सिनेमाला जाते, आणि तोही भुताचा. प्रेमाचा सिनेमा एकटीने बघणाऱ्या बाईकडे लोक वळून बघतात. भुताचा बघणारीकडे कोणी बघत नाही.

त्याने मधली एक खुर्ची सोडली आणि बसला. उंच, खांदे किंचित वाकलेले, निळ्या शर्टाच्या बाहीवर ग्रीसचा डाग. दिवे गेले. पडद्यावर एक कुटुंब नव्या घरात सामान उतरवत होतं, आणि ह्या माणसाने तेवढ्यातच डोळे घट्ट मिटून घेतले.

थोड्या वेळाने बारीक आवाज आला, “गेलं का भूत?”

“अजून आलंच नाही.”

“आलं की सांगाल?”

मी सांगायला लागले. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कोणी इतक्या सरळपणे मदत मागितली की नाही म्हणणं जमत नाही, दवाखान्याची सवय. मी कुजबुजत राहिले... आता बाई माळ्यावर चालली आहे. एकटीच. दिव्याचं बटण हाताशी आहे, पण लावत नाहीये. का नाही ते विचारू नका. आली बघा भूतबाई. तोंड शिळ्या कणकेच्या गोळ्यासारखं आहे. गालावर जखमा आहेत, पण सगळ्या एका मापाच्या, फूटपट्टी घेऊन काढल्यासारख्या. ह्या बाईला घाबरायचं काही कारण नाही, हवं तर डोळे उघडा.

त्याने उघडले नाहीत.

सिनेमा संपला तरी तो उठेना. पडद्यावर नावं सरकत होती, सफाईवाले झाडू घेऊन आत आले होते, आणि हा मान वर करून एकेक नाव वाचत होता. मग त्याने एका ओळीकडे बोट दाखवलं. “ती माझी ताई.”

“काय करते ताई?”

“भूत,” तो म्हणाला, आणि घाईने सावरलं, “म्हणजे भुताचा मेकअप. तोंड, जखमा, सगळं.”

मला शिळी कणीक आठवली आणि कानापर्यंत तापल्यासारखं झालं. मी माफी मागितली. तो मात्र खुशीत होता. ताई प्रत्येक सिनेमानंतर विचारते, कसं वाटलं, आणि हा दर वेळी म्हणतो, छान. न बघता म्हणतो हे तिला कळतं आणि तिला कळतं हे ह्याला कळतं. आज पहिल्यांदाच तिला सांगण्यासारखं काहीतरी त्याच्याकडे होतं. लांब ढांगा टाकत तो निघून गेला, पॉपकॉर्नचा पुडा खुर्चीवरच विसरून.

पुढच्या बुधवारी तो निरोप घेऊन आला. जखमांचं अगदी बरोबर आहे, ताई म्हणाली, आणि अजून काय काय वाटतं तेही विचारून ये म्हणाली.

मला काय, खूप काही वाटायचं. इतके दिवस ते घरी रात्रीच्या जेवणाला बाबांना ऐकवत होते आणि बाबा मान डोलावून वर्तमानपत्र उलटत होते. आता सिनेमानंतर बाहेरच्या कॉफीच्या काउंटरपाशी उभं राहून ऐकणारा माणूस मिळाला होता. हल्लीच्या भुताच्या सिनेमांतल्या कुत्र्यांबद्दल तर माझी पक्की तक्रार होती. कुत्रा बिचारा पहिल्याच दिवशी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून भुंकतो. घरातले त्यालाच गप्प करतात, मग बाहेर बांधतात, मग तो मरतो. त्याचं कोणी वेळेवर ऐकलं असतं तर सगळे सुखरूप घरी गेले असते, आम्हीसुद्धा. आवाजाचं तसंच. बराच वेळ चिडीचूप आणि मग कानाशी पातेली आपटल्यासारखा ठणाणा. त्याला घाबरणं म्हणत नाहीत, त्याला दचकणं म्हणतात. माझ्या टेबलावरची मांजरंही दचकतात.

“आणि हल्ली भूत भूत राहिलेलंच नाही,” मी एकदा म्हणाले. “शेवटी कळतं की ते नायिकेचं जुनं दुःख होतं. ती रडते, त्याला मिठी मारते आणि ते जातं. दुःख आहे तर दुःख म्हणा की. त्यासाठी दारं कशाला आपटायची?”

त्याने कॉफीचा घोट घेतला. “दुःखाला दारं आपटता आली असती तर बरं झालं असतं. निदान घरात आहे हे इतरांना कळलं असतं.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो कपातल्या फेसाकडे बघत होता.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टच्या टपावर उभं राहून काम, खाली नुसता काळोख. तिथे भीती वाटत नाही का, मी विचारलं. म्हणाला, तिथे काय काय बिघडू शकतं ते सगळं मला माहीत असतं. सिनेमात माहीत नसतं.

मग मीही त्याला माझं एक सांगितलं, जे मी सहसा कोणाला सांगत नाही. माझं एकदा लग्न ठरलं होतं. त्या मुलाला जनावरांची फार आवड होती, म्हणजे तो तसं म्हणायचा. दवाखान्यात यायचा, कुत्र्यांना हाक मारायचा, दुरून. तारीख ठरली आणि त्याने सांगितलं की आता हे काम सोड, तुझ्या हातांना वास येतो. जनावरांना तर तो जन्मात शिवला नव्हता. लग्न मोडल्याचं मला फारसं वाटलं नाही. आवडीचं नाटक करून कोणी इतके महिने माझ्यासमोर बसलं होतं आणि मला कळलं नव्हतं, ते लागलं.

तो रिकामा कप हातात फिरवत राहिला. मला वाटलं, ऐकणाऱ्याने असंच ऐकावं.

असे बुधवार जात राहिले. मधली खुर्ची मधेच होती, पण मी तिच्याकडे जरा झुकून बसायचे आणि तो त्या बाजूने. कधी एखाद्या दृश्याला माझ्या ओढणीचं टोक त्याच्या मुठीत जायचं आणि दिवे लागले की तो ते घडी घातल्यासारखं परत खुर्चीवर ठेवायचा. मी सांगण्यात तरबेज होत चालले होते. सिनेमा जितका फालतू तितकं माझं वर्णन रंगायचं.

मग एक दिवस ताई दवाखान्यात आली. बरोबर जनावर नव्हतं. केस वर बांधलेले, नखांत हिरवट रंग, आणि हसणं भावासारखंच, एका बाजूने सुरू होणारं.

“तुम्हीच ना त्या, माझ्या भावाचे डोळे?” म्हणाली.

तिने माझे आभार मानले. नव्या सिनेमात जखमा माझ्या सांगण्यावरून बदलल्या होत्या, खऱ्या चाव्यासारख्या वेड्यावाकड्या केल्या होत्या, आणि दिग्दर्शक खूश होता. “पण सगळ्यात बरं कशाचं वाटलं सांगू?” ती म्हणाली. “बुडून मेलेल्या त्या म्हातारीच्या कानामागे मी एक बारीकशी निळी शीर काढली होती. शूटिंगला कोणाच्या लक्षात आली नाही. ह्याने मात्र येऊन सांगितलं, ताई, ती शीर झकास होती.”

मी हसले, तिला चहा दिला, दारापर्यंत सोडायला गेले. आणि मग औषधांच्या कपाटासमोर नुसतीच उभी राहिले. त्या शिरेबद्दल मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. मला ती दिसलीच नव्हती.

बुधवारी तो तिकिटं काढून दारातच उभा होता. मी सरळ विचारलं, “तुमचे डोळे उघडे असतात?”

त्याने नाही म्हटलं नाही, हे मला तेव्हाही जाणवलं. “हो,” म्हणाला.

“कधीपासून?”

“बरेच दिवस झाले.”

“आणि मी वेड्यासारखी घसा बसेपर्यंत सांगतेय.”

“मी सांगणारच होतो, पण—”

पुढचं मी ऐकलं नाही. शेजारच्या पडद्यावर एक विनोदी सिनेमा लागला होता, त्यात जाऊन बसले. सगळा हॉल हसत होता. मी मध्यंतरालाच उठले आणि मागच्या दाराने घरी गेले.

त्यानंतरचे बुधवार मी घरीच काढले. कपाटं आवरली, पडदे धुतले. लबाडी छोटीशीच होती, हे मला समजत नव्हतं असं नाही. पण पुन्हा एकदा कोणीतरी माझ्यासमोर बसून नाटक केलं होतं, आणि पुन्हा मला कळलं नव्हतं... ते काही केल्या गिळता येईना. जेवताना बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि विचारलं, “हल्ली सिनेमे वाईट निघायला लागले का?”

मी म्हटलं, हो.

“तू सांगायचीस त्यावरून तर आधीपासूनच वाईट होते,” ते म्हणाले, आणि पुन्हा वाचायला लागले.

एका दुपारी दवाखान्यात गर्दी असताना मदतनीस बाई आत आल्या आणि म्हणाल्या, एकाने काहीतरी काळं आणलंय, जिवंत आहे की नाही कळत नाही. मागोमाग तो आला. हातात त्याचाच शर्ट गुंडाळलेला, अंगात नुसता बनियन, कोपरापर्यंत ग्रीस. शर्टात मांजराचं पिल्लू होतं. लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात पडलं होतं, नाकातोंडापर्यंत वंगणात लडबडलेलं.

“जवळ दुसरे दवाखानेही होते,” तो म्हणाला. “पण मला हाच माहीत आहे.”

मी हातमोजे चढवले. वंगण नुसत्या पाण्याने जात नाही. आधी खायचं तेल चोळून ते सैल करायचं, पुसून काढायचं, मग भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचं, आणि हे सगळं पिल्लू गारठायच्या आत. मी त्याला मानेपाशी कसं धरायचं ते दाखवलं. त्याने धरलं. पिल्लाने त्याच्या अंगठ्यात सगळे दात रुतवले, तरी त्याने हात हलवला नाही. काळ्याखालून हळूहळू पिवळा रंग निघायला लागला.

“सुरुवातीला खरंच मिटलेले असायचे,” तो पिल्लाकडे बघत म्हणाला. “मग तुमचा आवाज कानाशी असला की भीती वाटेनाशी झाली. एकदा उघडून बघितलं, तर तुम्ही सांगत होतात त्याच्यापेक्षा पडद्यावर कमीच होतं.”

मी पाणी बदललं.

“उघडले म्हटलं असतं तर तुम्ही सांगायचं थांबवलं असतंत. मग मी तुमच्या शेजारी कशाला बसायचं, ते मला सुचेना.” त्याने पिल्लाची मान पुन्हा नीट धरली. “त्या मुलाचं तुम्ही सांगितलंत, त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. तेव्हा मात्र मी घाबरलो. वाटलं, आता सांगितलं की ह्या उठून जाणार.”

“गेलेच.”

“हो.”

टॉवेलमध्ये पिल्लाने एक चिरका, रागीट सूर काढला. फुप्फुसं शाबूत होती. मी ते पुसत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

“मला तुम्ही आवडता,” तो म्हणाला. “सिनेमा नसला तरी.”

एवढ्या भुतांसमोर मी कधी खुर्चीचा हातसुद्धा घट्ट धरला नव्हता. आता टेबलाची कड धरून उभी होते. बाहेर एक कुत्रा सारखा भुंकत होता आणि मदतनीस बाई दारापाशी उगाचच काहीतरी आवरत होत्या.

“मला भीती वाटतेय,” मी म्हणाले. खरं तेच होतं.

त्याने कशाची ते विचारलं नाही. समजूतही घातली नाही. टॉवेलचं दुसरं टोक उचललं आणि पिल्लाचे कान पुसायला लागला, हळूहळू, मी पुसत होते तसेच. त्याच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. मी त्याचा हात माझ्याकडे ओढून घेतला, जखम धुतली, औषध लावलं आणि पट्टी बांधली. गाठ मारून झाली तरी हात सोडला नाही.

“बुधवारी घरी या,” मी म्हणाले. “बाबा असतात. त्यांना भेटा.”

तो माझ्याकडे बघत राहिला.

“या नाही,” मी म्हणाले. “ये.”

त्याने मोकळ्या हाताने पिल्लू छातीशी सावरलं. घसा साफ केला. मग तो शब्द पहिल्यांदाच उच्चारून बघत असल्यासारखं, जपून म्हणाला, “किती वाजता येऊ... ते तूच सांग.”