तिसऱ्या पायरीवरचा कावळा

"पांडवलेणी!" विहंग ओरडला.

"या उन्हात? तू चढ, आम्ही खालून टाळ्या वाजवतो," भाग्यश्री म्हणाली आणि तिनं झेंडूच्या पाटीवर पाणी शिंपडलं.

मे महिन्याची सुट्टी लागून चार दिवस झाले, तरी तिघांचा एक बेत पक्का होईल तर शपथ! तिघं म्हणजे बारा वर्षांची स्वानंदी, तिचा धाकटा भाऊ विहंग आणि त्यांची मैत्रीण भाग्यश्री. भाग्यश्रीच्या घरची मखमलाबादला फुलशेती. सुट्टीत ती सकाळी आईबरोबर गोदाघाटावर फुलं विकायला बसायची. स्वानंदी आणि विहंगचे आजोबा गंगाधर गुरुजी त्याच घाटावर दहाव्याचे विधी करायचे. म्हणून तिघांचा अड्डाही तिथेच. विहंग एकदा बोलायला लागला की त्याला थांबवणं घरातल्या चार मोठ्या माणसांनाही जमायचं नाही.

पण त्या सकाळी तो बोलता बोलता एकदम गप्प झाला.

"ताई, तो कावळा बघ."

"घाटावर कावळा! काय पण शोध लावलास!"

"अगं, पण तो ओरडत नाहीये!"

दोघींनी वळून पाहिलं. पिंपळाखालच्या तिसऱ्या पायरीवर एका कुटुंबानं भाताचा पिंड ठेवला होता. माणूस गेला की दहाव्या दिवशी असा पिंड ठेवतात. कावळ्यानं त्याला चोच लावली, म्हणजे कावळा शिवला, की गेलेल्या माणसाची कुठलीच इच्छा मागे राहिली नाही, असं मानतात. नाही शिवला तर घरच्यांचा जीव नुसता कासावीस होतो. या उन्हाळ्यात घाटावर कावळे खाली उतरतच नव्हते. लोक तास न् तास ताटकळायचे. फक्त या एका पायरीवर मिनिटाभरात कावळा यायचा! पायरीला लागूनच खंडेरावचं पत्रावळी आणि दर्भाचं दुकान होतं, म्हणून लोक तिला 'खंडेरावची पायरी' म्हणायला लागले होते आणि तिथे नंबर लावत होते.

"आमच्या मळ्यात एका कावळ्याला भाकरीचा तुकडा दिसला ना, तर तो अख्ख्या मखमलाबादला ओरडून सांगतो," भाग्यश्री म्हणाली. "हा शहाणा एकटाच कसा खातो?"

"आणि बाकीचे बघ की!" स्वानंदीनं वर बोट दाखवलं. पिंपळावर वीस-पंचवीस कावळे जीव खाऊन ओरडत होते, पण एकही खाली येत नव्हता.

भाग्यश्रीचा चेहरा बदलला. "मागच्या वर्षी आमच्या विहिरीवरच्या जाळीत एक कावळा अडकला होता. तेव्हा बाकीचे अस्सेच ओरडत होते. आम्ही त्याला सोडवेपर्यंत त्यांनी खाली पाय ठेवला नाही!"

तेवढ्यात तो कावळा मागे सरकला. उडाला नाही, वळलाही नाही. लंगडत, उलट्या पावलांनी तो दुकानाच्या पडद्याआड गेला.

"उलटा चालणारा कावळा!" विहंगचे डोळे विस्फारले.

तिघं धावत आजोबांकडे गेली. पण मोठी माणसं ऐकतील तर ती मोठी माणसं कसली! "पोरांनो, इथे लोक दुःखात असतात," आजोबा पोथीतून मान वर न काढता म्हणाले. "लुडबूड करायची नाही." मग पोरं खंडेरावकाकांकडे गेली, तर त्यांनी पडदा आणखी घट्ट ओढून घेतला. "चला, पळा इथून! सुट्टी लागली की नुसता उच्छाद!"

"मी पडद्याआड शिरतो," विहंग म्हणाला.

"आणि शिंकतोस," स्वानंदी म्हणाली. "नक्की दोरा बांधलाय त्याला. पण इतका बारीक असणार की दिसायचा नाही." ती विचार करत झेंडूत हात फिरवत राहिली. मग एकदम उठून उभी राहिली. "दोरा दिसत नसेल, पण दोऱ्यानं काही हललं तर ते दिसेल की! भाग्यश्री, उद्या तुझी एक पाटी सांडायची!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाग्यश्रीच्या पाटीसमोर एक म्हातारी येऊन टेकली. वणीहून आलेली विठाबाई. तिचा नवरा गोटीराम जाऊन दहा दिवस झाले होते.

"चांगली टप्पोरी फुलं दे गं पोरी," ती म्हणाली आणि कुणी न विचारताच बोलत राहिली. "लय भांडलो बघ आमी त्या दिवशी. त्याला साखरेचा आजार. चहात चमचाभर साखर घाल म्हनला, म्या नाय घातली. रागारागानं कप तसाच ठिवून मळ्यात गेला, त्यो माघारी आलाच नाय. आता कावळा शिवला तर समजंल, राग गेला त्याचा."

भाग्यश्रीनं स्वानंदीकडे पाहिलं. आज नको, असं स्वानंदीला क्षणभर वाटलं. पण बेत ठरला होता, आणि खरं सांगायचं तर तिला खंडेरावकाकांना पकडायची भारी घाई झाली होती.

विठाबाईच्या मुलानं तिसऱ्या पायरीवर पिंड ठेवला. सगळे हात जोडून उभे राहिले. आणि...

"अगं बाई!" भाग्यश्री अडखळली. अख्खी पाटी पायरीवर उपडी झाली! दुकान आणि पिंड यांच्यामध्ये पिवळ्या-केशरी झेंडूचा सडा पडला.

"सावकाश उचल गं," विहंग कुजबुजला. "एकदम सावकाश."

पडद्याआडून कावळा आला. फुलांवरून लंगडत पिंडापाशी गेला आणि हावऱ्यासारखा भात खाऊ लागला.

"शिवला! कावळा शिवला!" विठाबाईनं पदर तोंडाला लावला. दहा दिवसांचं रडू एकदम बाहेर आलं.

मग कावळा मागे सरकला, आणि झेंडूची फुलं हलायला लागली! एक फूल उलटलं, मग दुसरं, मग तिसरं. वारा नाही, कुणाचा हात नाही, तरी सड्यातून एक सरळ रेघ दुकानाच्या दिशेनं सरकत गेली.

"दोरा! दोरा बघा!" विहंगनं झेप घेऊन पडदा ओढला.

आत खंडेराव बसला होता. त्याच्या हातात तंगूसाचं रीळ होतं, मासे धरायला वापरतात तो नायलॉनचा दोरा. दोऱ्याचं दुसरं टोक कावळ्याच्या पायाला बांधलेलं होतं.

एकच गलका झाला. "फसवणूक!" "लाज नाही वाटत?" आजोबा पोथी टाकून धावत आले. तिघांना तर आकाश ठेंगणं झालं. "पकडलं की नाही!" विहंग उड्या मारत होता.

आणि मग स्वानंदीला विठाबाईचा चेहरा दिसला.

"म्हंजी... त्यो आला नव्हता?" म्हातारी हळूच म्हणाली. "ओढून आनला व्हता?"

स्वानंदीचा सगळा आनंद जागच्या जागी विरला. आपण काय केलं हे? या बाईला आत्ताच कुठे बरं वाटलं होतं आणि आपण टाळ्या पिटत ते तिच्या हातातून काढून घेतलं! उद्या, परवा, रिकाम्या पायरीवर हे करून बघता आलं नसतं का?

"मारा मला," खंडेराव खाली मान घालून म्हणाला. "पण कुणाकडं मी काही मागितलं नाही कधी. होळीच्या सुमारास एक बाई इथं सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसली होती, लेकरासाठी. कावळा आला नाही. तिचं रडणं बघवंना. दुसऱ्या दिवशी हा धरला. उपाशी असला की लगेच येतो."

"आणि तेव्हापासून दुसरे कावळे यायचेच बंद झाले!" भाग्यश्री फणकारली. "आपल्यातला एक बांधलेला दिसल्यावर ते कशाला उतरतील? तुमच्यामुळं सगळा घाट रिकामा राहिला, काका!"

खंडेराव पिंपळाकडे बघतच राहिला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कुणीतरी त्याची गचांडी धरायला पुढे झालं. तेवढ्यात स्वानंदी मध्ये उभी राहिली.

"थांबा! मला काहीतरी सांगायचंय. मी हे कधीच कुणाला सांगितलं नाही." तिनं विहंगकडे पाहिलं. "मी नऊ वर्षांची होते. विहंग तापानं फणफणला होता आणि सारखा रडत होता. त्याला हसवायला मी एक चतुर पकडला आणि त्याच्या शेपटीला दोरा बांधला. म्हटलं, हे बघ तुझं हेलिकॉप्टर! तो इतका हसला! सगळे म्हणाले, ताई किती प्रेमळ आहे. रात्री मी तो दोरा खिडकीच्या गजाला बांधून ठेवला. सकाळी पण त्याला हसवता यावं म्हणून. सकाळी चतुर गजाला लोंबत होता, मेलेला."

"तू तर म्हणालीस, तो त्याच्या घरी गेला!" विहंगचा आवाज चिरकला.

"खोटं बोलले. तुझं हसणंच दिसत होतं मला. चतुराकडे मी पाहिलंच नव्हतं रे. आणि आज," ती विठाबाईकडे वळली, "आज कावळ्याकडे पाहिलं, तर तुमच्याकडे पाहिलं नाही. आजी, चुकलं माझं."

खंडेरावनं कावळ्याला उचलून मांडीवर घेतलं आणि त्याचा पाय पाहिला. तंगूस कातडीत रुतला होता, पाय सुजून काळानिळा पडला होता. "दोन महिने रोज दोरा ओढतोय मी," तो पुटपुटला, "पण पाय काही बघितला नाही." आणि तो मोठा माणूस ढसाढसा रडायला लागला.

विठाबाई उठली. शेजारी बसलेल्या न्हाव्याकडून तिनं कात्री मागून घेतली.

"धर नीट त्याला," ती खंडेरावला म्हणाली. "माझा म्हातारा लय तापट, पन दावनीच्या बैलाला चारल्याबिगर ताटावर बसला नाय कदी. त्यो ह्या उपाशी जिवाच्या तोंडून घास घील व्हय?" आणि तिनं अगदी हलक्या हातानं दोरा कापला.

कावळा दोन पावलं लंगडला. मग त्यानं पंख झाडले आणि तो पिंपळावर गेला. वरचा गोंगाट बघता बघता थांबला.

आजोबांनी दर्भाच्या काड्या घेतल्या आणि वळून, गाठ मारून छोटासा कावळा केला. "खरा कावळा आला नाही तर हाच शिवतो, माई. शास्त्रात सांगितलंय. मीच आळशी झालो. चटकन होतंय ना, मग कसं होतंय ते कोण बघतो!"

विठाबाईनं दर्भाचा कावळा पिंडाला लावायला मुलाच्या हाती दिला आणि डोळे मिटले. "राग धरू नगंस," ती मोठ्यानं म्हणाली. "तू जगावास म्हनून नाय घातली साखर."

सगळे आवराआवर करायला लागले. विठाबाई मात्र पायरीवरच बसून राहिली. अर्धाएक तास गेला असेल. पंखांची फडफड झाली. एक कावळा पिंडापाशी उतरला. त्यानं मान वाकडी करून इकडेतिकडे पाहिलं, चोचीत भात घेतला आणि नरड्याच्या शिरा ताणून ओरडला. काव! काव! काव!

पिंपळावरून दुसरा आला. मग चार आले. मग सगळेच!

"हा खरा कावळा!" भाग्यश्री ओरडली. "बघा, गावजेवण घालतोय!"

विठाबाई बघत राहिली, डोळे न पुसता. मग तिनं स्वानंदीला जवळ ओढलं. "आपली चूक चार मानसांत सांगाया वाघाचं काळीज लागतं, बाय. माझा म्हातारा हे ऐकाया असता, तर त्यानं तुला खांद्यावर घिऊन गावभर मिरवलं असतं."

"चाळीस वर्षं या घाटावर बसतोय मी," आजोबा म्हणाले. "कावळे का येत नाहीत, ते मला कळलं नाही, तुम्हांला कळलं. आणि काल तुम्ही सांगायला आलात, तर मी मानसुद्धा वर केली नाही. आजपासून या घाटावरचे गुरुजी तुम्ही तिघं!" आणि त्यांनी भर घाटावर, सगळ्यांच्या देखत, तिघांसमोर हात जोडले.

स्वानंदीची मान ताठ झाली. भाग्यश्रीला तर कुठे बघावं ते कळेना.

विहंगला मात्र कळलं. त्यानं पायरीवर मांडी घातली, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाला, "यजमान, आधी हातपाय धुऊन या!"

त्या पायरीवर कितीतरी दिवसांनी कुणीतरी खळखळून हसलं, आणि सगळ्यात मोठ्यानं हसली ती विठाबाई.