रोलवरची राळ

डाग मोहरीएवढा होता. तपकिरी, कडेला पिवळट, बोटाला चिकटणारा.

असे डाग कागदभर होते.

ही घडलेली गोष्ट आहे. मी कागदाच्या कारखान्यात केमिस्ट आहे. मोजल्याशिवाय काही बोलायची मला सवय नाही. गेल्या महिन्यातली, दुपारची पाळी.

लाकडातली राळ लगद्याच्या पाण्यात उतरते आणि मशीनच्या रोलला चिकटते. ती चिकटू नये म्हणून आम्ही पाण्यात रसायन सोडतो. कामगार त्याला औषध म्हणतात. पण औषध जास्त झालं, की उलट राळेचे गोळे धरतात. मशीन थांबवून धुवायलाच हवं होतं.

हे साहेबांना सांगून तोंड दुखलं.

"डोस वाढवा, मॅडम. बंद-बिंद जमणार नाही. ऑर्डर अडकलीय."

डोस वाढायचा. डाग वाढायचे. मग चालत्या रोलवरची राळ पात्याने खरवडायला माझ्या मामालाच पाठवायचे. तो मशीनवर ऑपरेटर.

त्याच्याआधी हे काम तात्या करायचे. रोलने त्यांचा हात ओढून घेतला... ते वाचले नाहीत.

त्या दुपारी मी पाण्याचा नमुना घ्यायला मशीनपाशी वाकले होते.

खर्र... खर्र...

"मामा, थांब जरा. मी पुन्हा बोलते साहेबांशी."

"बोल बाई. साहेब ऐकेपर्यंत लोकांची लग्नं ठरून मोडतात."

आवाज मागून आला.

मामा माझ्या पाठीशी उभा होता. हातात चहाचा कप.

खर्र... खर्र...

रोलवरून राळेची लांब पट्टी सुटून खाली पडत होती. पातं खुंटीवर होतं.

रोलपाशी कुणीही नव्हतं.

मग आवाज थांबला.

मामाने कप खाली ठेवला. खुंटीवरचं पातं काढलं आणि रोलकडे वाकला.

"मामा, काय करतोयस?"

"अगं, तात्या पातं मागतायत. हात पुढे केलाय बघ..."

अगदी साध्या आवाजात.

मी त्याचा शर्ट मागून धरला. तो पुढे सरकतच होता. मामा अंगाने किरकोळ आहे. ती ओढ त्याची नव्हती.

दुसऱ्या हाताने मी लाल बटण दाबलं.

रोल हळूहळू थांबला. मामा माझ्या अंगावर कोसळला. त्याला काहीच आठवत नव्हतं. पातं मात्र त्याच्या हातात नव्हतं... खालीही नव्हतं. ते आजवर सापडलेलं नाही. मामाची पाळी असली, की अजूनही माझा जीव थाऱ्यावर नसतो.

साहेब धावत आले.

"कुणी थांबवलं? चालू करा आधी."

"मी थांबवलं," मी म्हटलं. "धुतल्याशिवाय सुरू होणार नाही. आणि चालत्या रोलला यापुढे कुणीही हात लावणार नाही."