पहिला पेला

मिंडेलो बंदरात जगभरच्या आगबोटी पाणी भरायला थांबत, आणि मिंडेलोत पाणी नव्हतं. समुद्र गोड करायचा कारखाना अजून उभा राहायचा होता. पाणी यायचं समोरच्या सांतु आंताओ बेटावरच्या झऱ्यातून, शिडाच्या गलबतानं. ते आगबोटींपर्यंत पोचवायचा तेओफिलो, आपल्या टाकीच्या होडीतून. होडीवर तो, पंप मारणारा झेका आणि मोरेना नावाची काळी मांजरी. ती इतकी नखरेल, की खाऱ्या पाण्याचा शिंतोडा मिशीला लागला तर दिवसभर रुसून बसे.

अशा कोरड्या बेटाचे नियम थोडेच. पाणी सांडायचं नाही. कुणी दिलं तर नाकारायचं नाही. कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. पाद्रीबुवांनी सांगितलेले नियम लोक रविवार संपायच्या आत मोडत. हे मात्र दारुडाही पाळायचा.

त्या सकाळी हवेत वाळवंटाची धूळ उतरली होती. खाडीपलीकडचा मोंत कारा, आकाशाकडे तोंड करून निजलेल्या माणसासारखा तो डोंगर, नाकापुरताच दिसत होता. धुळीत एका करड्या आगबोटीनं पाणी मागायचं निशाण चढवलं होतं.

तेओफिलोनं होडी तिच्या कुशीला लावली, रिवाजाप्रमाणे पहिला पेला स्वतः पिऊन दाखवला आणि नळी वर दिली. कठड्याला खलाशी उभे होते. कुणी संत्री मागितली नाहीत. कुणी ग्रोगची, इथल्या उसाच्या दारूची, बाटली आहे का म्हणून खुणावलं नाही. बायकांची चौकशीसुद्धा नाही.

"पाद्र्यांची बोट दिसते," झेका पंप मारता मारता म्हणाला.

"पाद्री असते तर ग्रोग आधी मागितली असती."

झेका हसला, मग हसायचा थांबला. रिकाम्या टाकीत पाणी पडलं की बोट आतून घुमते. ही घुमत नव्हती. जसं काही ते वाळूत ओतत होते.

टाकी संपली, तेव्हा एक अधिकारी शिडीवरून खाली आला. भर उन्हात त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. त्याच्या हातात पत्र्याचा पेला होता, काठोकाठ भरलेला.

"आता आमच्यातलं," तो म्हणाला.

तेओफिलोला वाटलं, नको. पण दिलेलं पाणी कसं नाकारायचं? तो प्यायला. ते गोड नव्हतं, खारं नव्हतं, थंडसुद्धा नव्हतं.

घरी बायकोनं, मेनानं, कॉफी पुढे केली. त्यानं कप तसाच ठेवला.

"कुणाकडे पिऊन आलास रे?" ती म्हणाली. "नाव सांग, तिच्या झिंज्या उपटते."

"तहान नाही."

ती नंतरही लागली नाही. उन्हात वल्ही मारूनही त्याचा शर्ट कोरडाच राही. मग थोरला भाऊ वारला. आईबापामागे त्यानंच तेओफिलोला वाढवलं होतं. सगळी आळी रडली, झेका तर हुंदके देऊन. तेओफिलो खड्ड्याच्या काठावर उभा राहिला आणि माती पडताना बघत राहिला.

"दगड आहे," बायका म्हणाल्या.

"आत काही हलतच नाही, मेना," तो घरी येऊन म्हणाला.

"हलेल. कांदे चिरायला बस माझ्याबरोबर." तिनं सुरी त्याच्या हातात दिली. पंचवीस वर्षांचा संसार. समोर बसलेला माणूस रोज थोडा थोडा निघून चालला होता, आणि त्याला धरायचं कुठे ते तिला कळत नव्हतं.

एका दुपारी ट्यूना कापताना त्याची सुरी निसटली. अंगठा चांगलाच चिरला.

रक्त आलं नाही. पाणी आलं. स्वच्छ, बारीक धार.

मोरेना पायाशी आली आणि फरशीवर पडलेलं लपालपा चाटू लागली. मेनानं झटकन त्याचा अंगठा तोंडात धरला. लहानपणापासूनची सवय; थेंब वाया जाऊ द्यायचा नाही.

"गोड आहे रे," ती म्हणाली.

पुढे वारा उलटला. झऱ्याचं गलबत येईना. होडीची टाकी खडखडीत झाली, आणि धुळीतून ती करडी आगबोट पुन्हा बंदरात शिरली. निशाण चढलं.

तेओफिलोनं वल्ही उचलली.

"टाकी कोरडी आहे, तेओफिलोदादा!" झेका धक्क्यावरून ओरडला. "काय देणार त्यांना, थुंकी?"

मेना धावत आली. तिनं त्याची बाही धरली. "नको जाऊस. मी पाया पडते तुझ्या."

"मागतायत ते, मेना."

"मीही मागतेय!"

त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली. मोरेना होडीतून उडी मारून धक्क्यावर आली.

पुढचं झेकानं पाहिलं, आणि झेकाला थाप रचण्याइतकी अक्कल नाही, हे सारं मिंडेलो मान्य करतं.

आगबोटीवरून नळी खाली आली.

तेओफिलोनं ती टाकीला लावली नाही, आपल्या चिरलेल्या अंगठ्यावर धरली.

पंपाजवळ कुणी नव्हतं. तरी नळी थरथरू लागली, पाणी वर चढताना थरथरते तशी.

मग ती वर ओढली गेली.

होडी भरतीबरोबर आपसूक किनाऱ्याला लागली. आत शर्ट, विजार, टोपी. दोरीवर वाळवून काढल्यासारखी कोरडी.

आळीतल्या बायका मेनाभोवती बसून मोठ्यानं रडल्या. मेना रडली नाही. काळ्या कापडाला शिवण घालत ती दाराशी बसली होती. बाजूला कुणी तरी ठेवलेली कॉफी निवून गेली होती.

"हीसुद्धा दगडच," कुणी तरी कुजबुजलं.

सुई बोटात घुसली. रक्त आलं नाही. मेनानं हात मांडीवर ठेवला आणि बघत राहिली.

मोरेना अंगणातून उठली, सावकाश आळस देत आली, आणि तिचं बोट चाटू लागली.