कालव्यावरचे सात तराफे

माझ्या मोजपट्टीवर कुणीतरी मासा काढला होता!

चांगला हातभर लांब, निळाशार, गालातल्या गालात हसणारा मासा… आणि तोही नेमका एक मीटरच्या खुणेवर. सकाळचे आठ वाजले होते. कालव्याची पातळी वाचून मला वडगावच्या ऑफिसात कळवायची होती, आणि आकडे सगळे माशाच्या पोटात!

पलीकडच्या काठावर एकजण उकिडवा बसून ब्रश धूत होता. चार दिवसांची दाढी, कोपरापर्यंत निळा रंग.

“ओ! हा उद्योग तुमचा का?”

त्यानं मान वर केली. “आवडला?”

“ती सरकारी मोजपट्टी आहे.”

“अरेच्चा… सरकारला मासे आवडत नाहीत?”

हसू दाबायला मी वही उघडली. “पातळी सांगा आता. तुम्हीच वाचा.”

तो वाकून बघत राहिला. “कल्ल्यापाशी आहे, म्हणजे… कल्ल्याच्या जरा खाली.”

“ऑफिसात कल्ला लिहू?”

मग मात्र तो कपड्यांसकट पाण्यात उतरला आणि रॉकेलच्या बोळ्यानं पट्टी घासू लागला. बऱ्याच वेळानं ओरडला, “एक मीटर बावीस!” आणि शेवाळावरून पाय घसरून गळ्यापर्यंत बुडाला.

माझं हसू फुटलं ते फुटलंच.

“मी रुचिर,” तो पाण्यातूनच म्हणाला. “तळेगावहून आलोय.”

“मी रेणुका. पुढच्या वेळी विचारून रंगवा.”

ही सप्टेंबरातली गोष्ट. रुचिर चित्रकार होता. एका संस्थेनं त्याला दोन महिन्यांसाठी आमच्या कातळवाडीला पाठवलं होतं. गावाबरोबर मिळून कालव्यावर काहीतरी करायचं होतं, पण काय करायचं ते त्याचं त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. शाळेतल्या बैठकीत तो अडखळत म्हणाला, “हा कालवा कुणी खणला, तेव्हा लोक काय खायचे, पाऊस कसा बदलला… एवढंच विचारायला आलोय.”

कालवा इंग्रजांच्या काळातला. पुलावर दगडी पाटी आहे, तिच्यावर इंग्रजीत एका साहेबाचं नाव कोरलंय. दुसरं कुणाचंच नाही.

आमच्या बुद्धवाडीतल्या शकुबाई खुदकन हसल्या. ऐंशी पार केलेली बाई, पण आवाज खणखणीत. “सायबानं खनला व्हय? त्यो घोड्यावरनं खाली उतरला न्हाई कंदी! माझ्या आजीनं डोक्यावर दगुड वाह्यला. मूठभर वरी मिळायची, नि रानातली करांद्याची कंदं उकडून खायाची. आनि पानी आलं तवा म्हन्ले, तुमी हात लावू नगा.”

रुचिरनं हळूच विचारलं, “आजीचं नाव काय होतं, मावशी?”

“भागू.” शकुबाईंनी पदर सारखा केला. “कुनी इचारलंच न्हाई आजपातुर.”

त्या दिवशी तराफ्यांचं ठरलं. बांबूचे सात तराफे. प्रत्येकावर कालवा खणणाऱ्यांची नावं, पेंढ्याची माणसं आणि त्या वेळच्या जेवणाची मडकी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते पुलापासून शाळेपर्यंत पाण्यातून न्यायचे आणि मग सगळ्या वाड्यांनी एका पंगतीत बसून वरीचा भात, आंबील, करांदी खायची. एका पंगतीत! म्हातारी माणसं एकमेकांकडे बघत राहिली, पण नको कुणी म्हणालं नाही.

माझ्याकडे त्यानं पावसाच्या नोंदींच्या जुन्या वह्या मागितल्या. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून आम्ही काठावरच्या झाडांना बांधल्या. एका वर्षाला एक पट्टी, जेवढा पाऊस तेवढी लांब. त्यात ऑक्टोबरच्या पावसाचा तुकडा लाल.

“गेल्या काही वर्षांत लाल वाढत चाललाय,” गाठ मारता मारता तो म्हणाला.

“तेव्हाच भात कापून खाचरात पडलेला असतो. भिजला की लोंबीतच मोड येतात त्याला. आमचे आबा मग दोन-दोन दिवस बोलत नाहीत कुणाशी.”

“आणि तू?”

“मी रोज सकाळी आठला पाऊस मोजते. थांबवता तर येत नाही…”

पट्टीचं दुसरं टोक माझ्या हातात देताना त्याची बोटं जरा जास्त वेळ रेंगाळली. आणि मीही… हात काढून घेतला नाही. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तेही आमच्या दोघांच्या लक्षात आलं नव्हतं.

महिनाभर असाच गेला. बांबू तासताना, मडकी रंगवताना, वाटेत एकमेकांची वाट बघताना. तराफे सोडायच्या आठ दिवस आधी पुलावर बसलो असताना त्यानं सांगितलं, “रविवारी आई येतेय तळेगावहून.”

“तिला सांगितलंस? आपलं?”

“सांगणारच आहे.”

“आणि मी कुठल्या वाडीतली, ते?”

तो नखानं कठड्यावरचं शेवाळ खरवडू लागला.

“अजून… नाही. योग्य वेळ बघून…”

“शकुबाईच्या आजीचं नाव सगळ्या गावासमोर विचारलंस,” मी उठले. “माझं नाव घरात घ्यायला वेळ बघावी लागते तुला?”

“रेणुका, तसं नाही गं…”

“कसं ते तू ठरव. ठरेपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोल.”

पूर्ण आठवडा मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, एक-दोनदा पाहिलं.

रविवार उजाडला तो कडक उन्हाचा. तराफे पुलाखाली ओळीनं बांधलेले. दुपारी एकच्या सुमाराला घाटाकडून काळंभोर आभाळ चालून आलं, आणि बघता बघता पाऊस असा कोसळला की समोरचं माणूस दिसेना. मी मोजपट्टीकडे धावले. दीड मीटर. पंधरा मिनिटांनी एक मीटर सत्तर. अजून वीत-दीड वीत चढलं की पाणी काठावरून खालच्या खाचरांत उतरणार होतं, आणि खाचरांत सगळ्या गावाचा भात कापून पडलेला.

वडगावच्या साहेबांना फोन लावला. ते एकच वाक्य बोलले, “सांडव्याचा दरवाजा उघडा, ताबडतोब!”

सांडवा पुलाच्या जरासा खाली. दरवाजा उघडला की जादा पाणी ओढ्यात जातं, पण त्या ओढीत तराफेही जाणार होते. मी दरवाजाच्या चाकाला हात घातला आणि थांबले. महिनाभराची मेहनत… ती सगळी नावं…

“उघड!” मागून रुचिर ओरडला. नखशिखांत भिजलेला. “बघत काय बसलीस? उघड!”

“तराफे…”

“भात आधी!”

त्यानं चाक माझ्याबरोबर धरलं. दोऱ्या ओढून लोकांनी दोन तराफे कसेबसे काठावर घेतले. बाकीचे पाच दोऱ्या तोडून आमच्या डोळ्यांदेखत फिरले, सांडव्याच्या तोंडावर आपटले आणि काटक्या होऊन ओढ्यात गेले. भागूबाईचा सगळ्यात आधी गेला.

पातळी एक मीटर ऐंशीवर थांबली. मग बोटबोट उतरू लागली.

चारला पाऊस उघडला. रुचिर शकुबाईंसमोर अपराध्यासारखा उभा राहिला. “मावशी, तुमच्या आजीचं नाव…”

“आरं, नाव काय बांबूत व्हतं व्हय?” शकुबाईंनी त्याच्या डोक्यावरचं पाणी आपल्या पदरानं पुसलं. “माझ्या तोंडात हाय, आता तुज्याबी हाय. भात ऱ्हायला ना? मग चल जेवाया.”

जेवण शाळेच्या व्हरांड्यात कोरडं राहिलं होतं. पंगत मांडताना रुचिरच्या आई समोर आल्या. ज्योत्स्नाबाई, चष्म्यावर अजून थेंब. भर पावसात त्या आबांबरोबर भाताचे भारे बांधाच्या वर आणत होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांना बघून मी बाजूला सरकले, तोच रुचिरनं सगळ्यांसमोर माझा हात धरला.

“आई, ही रेणुका. श्रीपती आबांची मुलगी, बुद्धवाडीतली. माझं हिच्यावर प्रेम आहे. हे मी तुला महिन्यापूर्वी सांगायला हवं होतं. घाबरलो… ते चुकलंच माझं.”

व्हरांड्यातली भांडी वाजायची थांबली. आबा हातातला डाव तसाच धरून उभे.

ज्योत्स्नाबाई माझ्याकडे वळल्या. “तो दरवाजा तू उघडलास?”

“दोघांनी. एकट्यानं फिरत नाही तो.”

“हं.” त्यांनी चष्मा पुसला. “मी खोटं नाही बोलणार. मला वेळ लागेल. घरात इतर माणसं आहेत, त्यांना तर जास्तच लागेल. पण त्यांच्याशी बोलेन मी, ते माझ्यावर सोड.” आणि माझ्या आईशेजारचं पान बघून त्या खाली बसल्या. “वरी मला थोडीच वाढा, पण करांदं कसं सोलतात ते दाखवा बाई.”

आई हसली. डावाचा आवाज पुन्हा सुरू झाला. आबांनी रुचिरच्या पानात आंबील जरा जास्तच ओतली आणि इतकंच म्हणाले, “मंगळवारी भाताची झोडनी हाय. याल ना?”

“येतो आबा!” तो इतक्या जोरात म्हणाला की सगळी पंगत हसली.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघं सांडव्याकडे गेलो. पातळी खाली आली होती, दरवाजा बंद करायचा होता. ऊन उतरणीला लागलेलं, काठावरच्या पट्ट्यांमधून पाणी टपटपत होतं. चाक धरलं, फिरवू लागलो.

“रेणुका…”

“बोल. हात थांबवू नकोस.”

“माझे दोन महिने परवा संपतात.”

“माहीत आहे.”

“तळेगावच्या एका शाळेत चित्रकलेची जागा आहे. लोकलनं काय, अर्धा-पाऊण तास… मी रोज संध्याकाळी इथं येऊ शकतो.” त्यानं श्वास घेतला. “आणि पुढं, तुझी इच्छा असेल तर, इथंच राहू शकतो. म्हणजे… तू आणि मी. लग्न करून. करशील?”

माझ्या हातांना चाकाचा गंज लागला होता, त्याच्याही. मी त्याच्याकडे पाहिलं. आठवड्याभरानं पहिल्यांदा, नीट, डोळे भरून.

“करीन,” मी म्हणाले.

दरवाजा पुरता खाली बसायला अजून बरेच फेरे बाकी होते. आम्ही घाई केली नाही.