आईचं विरजण

"पुन्हा लागलं नाही!" सृष्टीनं भांडं पुढे केलं. दही कुठलं, नुसतं पातळ दूध!

सुट्टीला साताऱ्याहून उंब्रजला आलेला तिचा आतेभाऊ इंद्रजित ओल्या डोक्यानंच धावत आला. पाठोपाठ शेजारचा आर्जव शिंकत शिंकत हजर.

"दुसरं विरजण आणू की," आर्जव म्हणाला.

"दुसरं नकोय मला!" सृष्टीचा आवाज चिरकला. "हे आईचं होतं. ती वारल्यापासून रोज चमचाभर बाजूला ठेवून मीच लावतेय. कालचा चमचा शेवटचा होता."

आईच्या साड्यांचा वाससुद्धा धुऊन गेला होता. जेवताना तेवढी ती जिभेवर यायची.

"दह्यात जिवाणू असतात," इंद्रजित हळूच म्हणाला. "एकाचे दोन, दोनाचे चार होतात. दुधातली साखर खाऊन आम्ल सोडतात, म्हणून दही लागतं. कुणीतरी त्यांना अडवलंय. दूध फार गरम होतं का?"

"बोट बुडवून बघते मी. कोमटच होतं!"

"मग दुधातच काहीतरी आहे. चला गोठ्यात!"

उकिरड्यावर आर्जवला पाकिटासकट एक रिकामी नळी सापडली. चंद्री गाईचा सड सुजला होता, त्यात सोडायचं औषध.

"प्रतिजैविक!" इंद्रजित उडालाच. "जिवाणू मारणारं! असलं एक नामी औषध बुरशीतूनच सापडलं. बुरशी नि जिवाणू, जुने भांडखोर शेजारी!"

"मग माझ्या सर्दीवर चालेल?"

"तुझी सर्दी विषाणूंची. त्यांना हे लागू पडत नाही. ते दुसऱ्याच्या पेशीत घुसल्याशिवाय वाढतच नाहीत."

"म्हणजे मामाकडे येऊन फुगणाऱ्या तुझ्यासारखे!"

सृष्टी हसली नाही. ती पाकीट वाचत होती. औषध चालू असताना आणि नंतरही काही दिवस दूध वापरू नये!

बाबांनी ते उडवून लावलं. "एका सडातलं औषध, बादलीभर दुधात काय कळतंय? एवढं दूध मातीत ओतू?"

"मग पैज, मामा!" इंद्रजित म्हणाला. "एका भांड्यात चंद्रीचं दूध, एकात म्हशीचं. विरजण तुमच्याच हातानं लावा!"

विरजण समोरच्या रंगुबाईंकडून आणलं.

सकाळी पैज बघायला रंगुबाईही आल्या. म्हशीचं दही घट्ट, भांडं कलंडलं तरी हलेना! चंद्रीचं दूध मात्र जसंच्या तसं. बाबांचा चेहरा उतरला. डेअरीला निघालेला कॅन त्यांनी स्वतः गाडीवरून खाली घेतला.

सृष्टीनं चमचाभर दही तोंडात घातलं आणि ती थबकली.

"रंगुआजी... तुमचं दही असं कसं?"

"माझं कुठलं गं पोरी? माझं इरजान नासलं तवा तुझ्या आईनंच वाटीभर दिलं हुतं. तवापासनं त्येच लावतीया. लय गोड हात हुता तिचा."

बाबांनीही चमचा घेतला. कितीतरी वेळ त्यांनी घास गिळलाच नाही.

"गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मीच ऐकलं नाही," ते म्हणाले. "शाब्बास रे पोरांनो! आज ती असती तर..."

सृष्टीनं दोन वाट्या भरल्या. एक फ्रीजमध्ये ठेवली, दुसरी आर्जवच्या हातात दिली.

"रोज लावायचं हं. आणि त्यात शिंकायचं नाही!"

"पण मला कशाला?"

"माझं कधी संपलं," सृष्टी म्हणाली, "तर आई मागायला कुणाकडे जाऊ?"