धुतलेली अळंबी

“अय्यो... धुतलंत हिला?”

चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत अनयचं स्वागत झालं ते असं. शहराबाहेर सिरुसेरीला त्याच्या ऑफिसमागे जंगलाचा एक तुकडा उरला आहे. तिथं ही निळसर अळंबी दिसली म्हणून तो मोठ्या हौसेनं घेऊन आला होता. चिखल नको म्हणून देठ कापून, ऑफिसातल्या नळाखाली स्वच्छ धुऊन!

“आईनं भाजी अशीच निवडायला शिकवलंय,” तो ओशाळून म्हणाला.

हरिणीला हसू आवरेना. ती अळंब्यांची संशोधक, तंजावरच्या मराठी घरातली; बोलणं जुन्या वळणाचं. “भाजी नव्हे ही. अशी मी कोठेच पाहिली नाही. नवी जात असेल... पण देठाचा बुडखाच नाही, सिद्ध कसं करू? परत दिसली तर हात लावू नका. मला बोलवा.”

त्यानंतर पाऊस पडला की अनय जंगलात. दिसायचं काहीच नाही. पण ‘आज नाही’ एवढं सांगायला फोन मात्र व्हायचा, आणि तो लांबत जायचा.

डिसेंबरातल्या एका सकाळी ती दिसली. एकटीच, निळी, करंगळीएवढी. आणि आभाळ भरून आलेलं. एका सरीत तिचा लगदा झाला असता.

“येत्ये!” हरिणी फोनवर म्हणाली. “पण रस्ते तुंबलेत हो...”

अनय तिथंच उकिडवा बसला, आपली छत्री अळंबीवर धरून. ऑफिसातल्या प्राणेशचा फोन आला. “मीटिंग सुरू झाली! कुठं आहेस?”

“छत्रीला छत्री धरलीय.”

“डोकं ठिकाणावर आहे ना?”

“नाही बहुतेक.”

हरिणी पोचली तेव्हा दुपार झाली होती. अळंबी कोरडी, अनयच्या नाकावरून मात्र पाणी ठिबकत होतं. तिनं सुरीनं माती हलकेच मोकळी केली, बुडख्यासकट अळंबी डबीत ठेवली. तरी उठली नाही.

“एका अळंबीसाठी इतके भिजलात? मोठे उपकार झाले.”

“अळंबीसाठी कुठं...” तो म्हणाला, रिकाम्या जागेवर छत्री तशीच धरून.

तिनं त्याच्या हातावरूनच छत्रीची मूठ धरली, जरा तिरकी केली – दोघांवर येईल अशी.

“सरि, बरं तर,” ती हळूच म्हणाली, “पुढच्या वेळी नुसतं बोलवा. अळंबी नसली तरी.”

परतताना अनयनं त्या ओल्या मातीला मनोमन हात जोडले. मग ऑफिसातल्या त्या नळालाही. त्या दिवशी अळंबी अशी कापून धुतली नसती, तर ती तेव्हाच गेली असती डबीत... आणि तो आपल्या वाटेनं.